दोन, तीन, पाच आणि कृपागुण

ओळंबाबाईंचं खरं नाव हजेरीपटावर असेलच, पण ते हजेरी घेणाऱ्यालाही चटकन आठवायचं नाही. ओळंबा म्हणजे गवंड्याची दोरी आणि तिच्या टोकाचं वजन. भिंत सरळ आहे की नाही ते तोंडावर सांगणारं. बाईंचंही तेच. बावीस वर्षं त्या लोकांच्या घरी फरश्या बसवत होत्या आणि लोकांच्या घरातलं जे जे वाकडं दिसेल ते बोलून मोकळ्या होत होत्या. शेजारच्या घरी नवी सून बघायला गेल्या, "सून छान आहे, उंबरा तिरका बसलाय," म्हणाल्या आणि चहा न घेताच परत आल्या. जिन्यात त्यांच्या चपलांची फटफट ऐकू आली की लोक आपापली दारं लोटून घेत. पूर्ण लावत मात्र नसत. ऐकायला फट लागते.

एरवीचा राग हा बाईंचा व्यायाम होता. या खेपेचा राग वेगळा होता.

झालं असं, की त्यांचे गुडघे गेले. बावीस वर्षं जमिनीवर रांगल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टरांनी बजावलं, आणखी दोन वर्षं असंच रांगलात तर तिसऱ्या वर्षी जिना चढता येणार नाही. घर तिसऱ्या मजल्यावर. त्याच सुमाराला बांधकाम कंपनीने जाहीर केलं, की जुन्या कामगारांतून एक सुपरवायझर नेमायचा आहे, म्हणजे उभं राहून करायचं काम. त्यासाठी लेखी परीक्षा, पन्नास गुणांची, पास व्हायला तीस. बाई तीन महिने अभ्यासाला बसल्या. प्रश्न विचारायचं काम नवऱ्याकडे. ते घड्याळं दुरुस्त करायचे आणि स्वतः सगळीकडे दहा मिनिटं उशिरा पोचायचे. उत्तर चुकलं तर त्यांची सांगायची छाती होत नसे, ते नुसता चष्मा पुसत.

निकालाचं पत्र आलं. एकोणतीस.

बाईंनी कंपनीत जाऊन पेपर दाखवायला लावला. एकेचाळिसाव्या प्रश्नात मालिका दिली होती: २, ३, ५, आणि पुढे रिकामी जागा. बाईंनी लिहिलं होतं आठ. त्यावर लाल फुली, आणि फुलीही अशी फराट्याची, की पेन टेकवतानाच तपासणाऱ्याला दुसरीकडे जायची घाई असावी. बाजूला सात.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुकल्याचा राग असता तर त्यांनी गिळला असता. बाकीच्या वीस चुका त्यांनी निमूट पाहिल्या; त्या चुकाच होत्या. पण हे आठ त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नव्हतं. हे आठ त्यांनी गुडघ्यांवर बसून मिळवलं होतं.

बारा वर्षांपूर्वी एका घरमालकिणीच्या लांबलचक ओसरीत त्यांनी काम केलं होतं. ओसरीवर आठ दारं. प्रत्येक दारापुढे पाच वीत लांबीची एक पट्टी बसवायची. अख्खी फरशी दोन वीत, अर्धी एक वीत. मालकीण म्हणाली, एकीसारखी दुसरी पट्टी नको. बाईंनी मनातल्या मनात तिचा उद्धार केला आणि कामाला लागल्या. आधी आखूड पट्ट्या मांडून पाहिल्या. दोन वीत पट्टी दोन तऱ्हांनी होते: एक अख्खी, नाहीतर दोन अर्ध्या. तीन वीत तीन तऱ्हांनी: तीन अर्ध्या, आधी अख्खी मग अर्धी, नाहीतर आधी अर्धी मग अख्खी. चार वीत पाच. पाच वीत आठ. बरोबर आठ, जेवढी दारं तेवढ्याच तऱ्हा. मग मालकिणीला नववं दार सुचलं, आणि बाई अख्खी दुपार नववी तऱ्हा शोधत बसल्या. नव्हतीच. "नववी पट्टी देवालाही बसवता यायची नाही," असं मालकिणीला सुनावून त्या घरी गेल्या. नववं दार आजतागायत झालेलं नाही.

आणि आता कुणीतरी लाल पेनाने म्हणत होतं, आठ चूक.

कचेरीतल्या कारकुनाने त्यांना मावशी म्हणून बसायला सांगितलं, पाणी देऊ केलं, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा आहे म्हणाला. मी कुणाची मावशी, असं विचारून बाई सरळ आत शिरल्या. आत इंजिनिअरसाहेब. पेपर त्यांनीच काढलेला. माणूस तरुण, शांत, बोलायला नम्र. असल्या माणसावर रागावणं जास्त कष्टाचं असतं, पण बाई कष्टाला मागे हटणाऱ्या नव्हत्या.

साहेबांनी समजावलं, की या मूळ संख्या. स्वतःशिवाय आणि एकाशिवाय कशानेच ज्यांना पुरा भाग जात नाही अशा. दोनच्या पटीतल्या पुढच्या सगळ्या खोडायच्या, मग तीनच्या पटीतल्या, मग पाचच्या. दोन, तीन, पाचनंतर शिल्लक राहतो तो सात.

बाईंनी पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे चाळणी."

"हो, चाळणीच म्हणतात तिला."

"वाळू चाळल्यावर वर राहते ती खडी. तुमची खडी बरोबर आहे. साताला मी नाव ठेवत नाही. पण तुमची ओळ नुसती उरत जाते साहेब. माझी वाढते."

आणि त्यांनी निकालाचं पत्र टेबलावर ठेवून फाडायला सुरुवात केली. साहेबांना वाटलं, आता कठीण. दारातल्या कारकुनालाही तेच वाटलं, आणि तो ही मजा बघायला आणखी एक पाऊल आत आला. पण बाई फाडत होत्या ते मापात: काही तुकडे अख्खे, काही बरोबर निम्मे. आधी चार वीत पट्टीच्या पाच तऱ्हा मांडल्या, त्यांच्याखाली तीन वीत पट्टीच्या तीन.

"आता पाच वीत पट्टी करायची. तिच्या शेवटी एक तर अर्धी फरशी येणार, नाहीतर अख्खी. तिसरं काही येऊ शकतं का?"

साहेबांनी मान हलवली, नाही.

"शेवटी अर्धी असेल तर तिच्या आधी चार वीत. त्या या पाच." त्यांनी पाची ओळींपुढे अर्धा तुकडा ठेवला. "अख्खी असेल तर आधी तीन वीत. त्या या तीन." खालच्या तीन ओळींपुढे अख्खा ठेवला. "मोजा."

साहेबांनी बोट ठेवून मोजल्या. आठ ओळी. मोजून तीस तुकडे झाले होते. पास व्हायला लागतात तेवढेच.

"मागच्या दोघी मिळून पुढची," साहेब हळूच म्हणाले. "पाच नि आठ, तेरा."

"सहा वीत पट्टी. तेराच. आता सांगा, नुसत्या तीन फरश्या दाखवून अख्ख्या खोलीची नक्षी विचारता, आणि दुसऱ्याने दुसरी काढली की फुली मारता?"

साहेब खजील झाले. प्रश्न अर्धवट होता हे त्यांनी कबूल केलं, पेपर ओढून घेतला आणि खालच्या रकान्यात लिहायला लागले. बाईंनी उलटीकडून वाचलं: कृपागुण एक.

झालं. विझत आलेला जाळ पुन्हा भडकला.

"कृपा कोणी मागितली?"

साहेब म्हणाले, गुण वाढवायला पेपरावर तेवढा एकच रकाना आहे, आणि तीस झाले म्हणजे झालं. कारकून मागून खुणा करत होता, घ्या हो बाई, घ्या. बाईंना त्या वेळी तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्या दिसल्या, एकेक करून. गुडघ्यात कळ आली. तरी त्या पेपरावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"कृपेवर पास झालेल्या बाईने फरशी उखडायला सांगितली, तर एक गवंडी उखडेल का? मला बरोबर पाहिजे. ते नसेल, तर एकोणतीस राहू द्या. मी रांगत जाईन."

मग साहेबांनी कृपागुण खोडला, लाल पेन उघडलं, फुलीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: आठ बरोबर. खाली सही केली.

"आणि सातवाल्यांचे कापू नका," बाई गुरकावल्या. "त्यांचंही बरोबर आहे."

साहेबांनी तेही लिहिलं. मग हसून म्हणाले, आता तरी राग गेला ना?

बाई खुर्चीचा आधार घेऊन साहेबांच्या बाजूला गेल्या आणि चपलेच्या टाचेने जमिनीवर दोनदा ठोकलं. आवाज बद्द आला.

"तुमच्या पायाखालची फरशी पोकळ आहे. सोमवारी माणूस पाठवते. टेबल हलवून ठेवा."