खोलीतलं खोलीत

मी भूल देणारी डॉक्टर. कुठल्याही एका हॉस्पिटलची नाही. ज्यांच्याकडे ऑपरेशन असेल ते फोन करतात आणि मी बॅग उचलून निघते. सकाळी महाड, दुपारी पोलादपूर. या फिरतीमुळे एक गोष्ट माझ्या लवकर लक्षात आली. आमच्या भागातले डॉक्टर एकमेकांशी सगळं बोलतात, मुलांच्या ॲडमिशनपासून आंबेनळी घाटातल्या दरडीपर्यंत. पण आपल्या हॉस्पिटलात काय थोडक्यात निभावलं, ते मात्र कुणी बोलत नाही. एकीकडे होता होता टळलेला प्रकार काही दिवसांनी दुसरीकडे पुन्हा होताना मला दिसायचा. पहिल्याचं दुसऱ्याला सांगावं तर ती चुगली. न सांगावं तर जिवाला घोर.

पुण्यात शिकत असताना मी एक पद्धत पाहिली होती. डॉक्टर आणि सिस्टर बंद खोलीत बसायचे आणि काय चुकलं, काय चुकता चुकता राहिलं, ते मोकळेपणानं सांगायचे. कुणाला शिक्षा करायला नाही, तर पुन्हा तसं होऊ नये म्हणून. तसंच काही आपल्याकडे करू या, असं मी इथल्या चार ओळखीच्यांना म्हटलं. एका हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. मोबाइल बाहेर ठेवायचे, पेशंटचं नाव घ्यायचं नाही आणि खोलीत जे बोललं जाईल ते खोलीतच राहील, असं ठरलं. एका गोष्टीवर मात्र मी पहिल्या दिवसापासून अडून बसले. केसपेपरवर जे घडलं ते जसंच्या तसं लिहायचं आणि पेशंटपासून काही लपवायचं नाही. गुपित फक्त आमच्या एकमेकांशी झालेल्या बोलण्याचं.

महाडचे हाडांचे डॉक्टर आमच्यात सगळ्यांत वडीलधारे. सगळे त्यांना सर म्हणतात. हात सोन्याचा, पण राग नाकावर. त्यांना बोलवायला गेले तर एक्स-रे उजेडाला धरून बघत म्हणाले, "म्हणजे आपणच आपल्या गळ्यात दोरी घालायची आणि टोक दुसऱ्यांच्या हातात द्यायचं. उद्या नातेवाईक दगड घेऊन आले की ही तुमची मंडळी येणार आहेत का दारात उभी राहायला?"

त्यांचं भय काही हवेतलं नव्हतं. त्यांच्या हॉस्पिटलची काच एकदा फुटलेली मी पाहिली होती. मी उठले.

त्यानंतर भातकापणीचे दिवस आले. कापडे गावची एक बाई, साठीच्या आसपासची, डोक्यावर भाताचा भारा घेऊन बांधावरून घसरली. गुडघ्याखालचं हाड मोडून बाहेर आलं. शेजाऱ्याच्या पिकअपमधून तिला आधी पोलादपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पायाला आधार बांधला आणि पुढं महाडला सरांकडे पाठवलं. मी त्या वेळी सरांच्याच ऑपरेशन थिएटरमध्ये आधीच्या पेशंटची भूल उतरवून कपडे बदलत होते. या बाईंना मी अजून पाहिलंही नव्हतं.

तेवढ्यात वॉर्डातून सिस्टरची हाक आली, "मॅडम, लवकर या!"

धावत गेले. बाईंच्या अंगावर लाल चट्टे उठले होते, ओठ सुजले होते, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. जखमेत जंतू होऊ नयेत म्हणून द्यायचं इंजेक्शन नुकतंच सुरू केलं होतं. सिस्टरनं पहिलं लक्षण दिसताच ते बंद केलं होतं, ऑक्सिजन लावला होता आणि हातात ॲड्रेनलिनची सिरिंज भरून धरली होती. मी ती मांडीत दिली. सलाईन वेगानं सोडलं. नाडी हाताला लागत नव्हती, मग अगदी बारीक लागली, मग नीट. बाईंनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं, तेव्हा कुठं मी नाडीवरचा हात काढला.

बाहेर आले तर पॅसेजमध्ये सर सिस्टरवर ओरडत होते. आजूबाजूला पेशंटचे लोक उभे.

"द्यायच्या आधी विचारलं नव्हतंस?"

"विचारलं होतं, सर. ॲलर्जी नाही म्हणाल्या."

"मग ही रिॲक्शन काय आभाळातून पडली?"

ती वॉर्डात परतली. ड्यूटी संपेपर्यंत काम केलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला की आता येणार नाही.

त्या दुपारी मी बाईंच्या खाटेजवळ बसले. त्यांची भाची शेजारी होती.

"आजी, आधी कधी औषधानं असा त्रास झाला होता का?"

"झाला व्हता की. मागं पोलादपूरला सुई बाधली व्हती. आंगभर गांधी उठल्या."

"मग काल सिस्टरनं विचारलं तेव्हा सांगितलं नाहीत?"

"तिनं कायतरी लर्जी हाय का म्हनून इचारलं. मला वाटलं कंचा तरी आजार आसंल. म्या म्हनलं, नाय गो बाय, मला तसलं काय नाय."

भाचीनं डोक्याला हात लावला. मी केसपेपर ओढला आणि आजींचे शब्द तसेच लिहून घेतले.

पोलादपूरच्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा बाकीचं कळलं. त्यांना ती जुनी गोष्ट माहीत होती. पिकअपवाल्या शेजाऱ्याला त्यांनी बजावून सांगितलं होतं की, ही सुई यांना चालत नाही, महाडला सांग. पण आभाळ भरून आलं होतं आणि शेजाऱ्याचं कापलेलं भात शेतात पडलेलं. त्यानं बाईंना दारात उतरवलं आणि तसाच गाडी वळवून गेला. भाची पोलादपूर सोडल्यावर वाटेत गाडीत चढलेली, तिला काहीच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी हॉस्पिटलला फोनही लावला होता, तो लागला नाही आणि मग त्यांच्यापुढं पेशंटची रांग उभी राहिली.

संध्याकाळी बाईंचा मुलगा मुंबईहून आला. तिथं एका कंपनीत कामाला. सर त्यांच्या केबिनमध्ये मला म्हणाले, "रिॲक्शन कुणालाही येऊ शकते, एवढं सांगू. ते खोटंही नाही."

"पण पुरतं खरंही नाही, सर," मी म्हटलं.

त्यांनी टेबलावरच्या काचेवरून हात फिरवला. मग मुलाला आत बोलावलं, बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. आईला हे इंजेक्शन पूर्वी बाधलेलं होतं, आमच्यापर्यंत ते पोहोचायला हवं होतं, पोहोचलं नाही, आम्ही विचारलं ते त्यांना कळेल असं विचारलं नाही. शेवटी म्हणाले, "मला याचं वाईट वाटतं."

मुलगा म्हणाला, "डॉक्टर, रिस्पॉन्सिबल कोन हाय पन? येक नाव सांगा."

"एक नाव नाही," सर म्हणाले. "त्यातलं एक माझं आहे."

मी आमच्या बैठकीचं त्याला सांगितलं. तो लगेच म्हणाला, "म्हंजे तुमी दार लावून बोलनार, आनि आमाला कळनार नाय."

"तुमच्या आईचं काय झालं ते तुम्हाला सगळं कळलंय, आणि केसपेपरची प्रत हवी तर आत्ता मिळेल," मी म्हटलं. "आत कोण काय बोललं ते सांगणार नाही. नाहीतर उद्यापासून कुणी तोंडच उघडणार नाही. पण आम्ही काय बदललं ते मी तुम्हाला फोन करून सांगेन."

तो उठला. समाधान झालेलं दिसत नव्हतं. प्रत मात्र घेऊन गेला. आईचं ऑपरेशन इथंच करा, एवढं म्हणाला आणि ते पुढं व्यवस्थित पार पडलं.

सिस्टरला आणायला मी तिच्या घरी, दासगावला गेले. ती परसात विळीवर मासे साफ करत बसली होती. मला बघून उठली नाही.

"मॅडम, लोकांसमोर बोलले ते. माझी मुलं त्याच पॅसेजमधून शाळेतून येतात कधीकधी."

"तुझ्यामुळं ती बाई जिवंत आहे. सिरिंज तू भरून ठेवली होतीस."

"ते कुणी बघितलं?"

"मी बघितलं. ते बैठकीत सांगणार आहे. तू ये. नोकरीचं नंतर ठरव."

ती नळावर हात धुऊन आली. बैठक किती वाजता, एवढं विचारलं.

बैठकीला ती आली, दाराजवळच्या खुर्चीवर बसली. पोलादपूरचे डॉक्टर आले. आणि आम्ही सुरुवात करणार इतक्यात सर जिना चढून आले. कुणीतरी त्यांना मधली खुर्ची देऊ लागलं तर नको म्हणाले आणि भिंतीकडेला बसले.

त्या दिवशी आत काय काय बोललं गेलं ते मी आजही सांगणार नाही. एवढं लिहिते, तेही सर, सिस्टर, पोलादपूरचे डॉक्टर आणि कापड्याच्या त्या आजी, चौघांना विचारून आणि ओळख पटेल अशा खुणा बदलून. सर सिस्टरकडे वळून म्हणाले, "तू विचारायच्या आधी मीही तोच प्रश्न विचारला होता आणि मलाही त्या नाहीच म्हणाल्या होत्या. हे मला ओरडताना आठवत होतं. तरी ओरडलो." सिस्टरनं मान खाली घातली आणि पदरानं डोळे पुसले. पोलादपूरच्या डॉक्टरांनीही आपला न लागलेला फोन स्वतःहून मांडला. कुणी कुणाला खोडून काढलं नाही. मग बोलणं माणसांवरून उठलं आणि कामावर आलं.

त्यातून निघालं ते फार मोठं नव्हतं. ॲलर्जी हा शब्द आम्ही पेशंटशी बोलताना सोडला. "कुठली सुई, गोळी कधी बाधलीय का? अंगावर गांधी उठल्या, दम लागला, असं कधी झालंय का?" असं विचारायला लागलो. बाधलेलं औषध असेल तर मनगटाला लाल पट्टी, जिथं पहिल्यांदा कळेल तिथंच बांधायची, म्हणजे सोबत कोण आहे यावर काही अडायला नको. आणि पेशंट पुढं पाठवायचा तर डॉक्टरनं डॉक्टरशी स्वतः बोलायचं. फोन लागत नसेल तर लागेपर्यंत.

सिस्टर दुसऱ्या सोमवारी कामावर आली. सरांनी ती पॅसेजमध्ये असतानाच, पेशंटच्या लोकांसमोर, तिची माफी मागितली. हे मी पाहिलं नाही, वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं. सांगताना त्यांचाच चेहरा फुलला होता.

मुलाला मी कबूल केल्याप्रमाणे फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे फक्त तुमच्याकडंच, की सगळीकडं?" मी म्हटलं, अजून सगळीकडे नाही. "मग सगळीकडं करा," म्हणाला आणि फोन ठेवला. त्या एका वाक्यानं मला पुढचे किती तरी दिवस कामाला लावलं. जे येत नव्हते त्यांच्याकडे मी आणि पोलादपूरचे डॉक्टर मिळून गेलो. काहींनी चहा पाजून वाटेला लावलं. काही आले. एक बाळंतपणाच्या डॉक्टर पहिल्यांदा आल्या तेव्हा नुसत्या ऐकत बसल्या. पुढच्या खेपेला त्यांनीच सुरुवात केली, आणि हेही मी त्यांना विचारूनच लिहिते. सारख्या दिसणाऱ्या दोन औषधांच्या कुप्या एकाच ट्रेमध्ये होत्या आणि त्यांच्या हातात भलतीच आली होती. टोचायच्या आधी लक्षात आलं, एवढंच. त्या आठवड्यात मी जिथं जिथं गेले तिथं ट्रे उघडून पाहिले. दोन ठिकाणी त्या कुप्या शेजारी शेजारीच होत्या. आम्ही त्या वेगळ्या केल्या.

सगळं काही सुधारलं असं नाही. अजूनही कुणीतरी बैठकीत येऊन दुसऱ्याच्याच चुका सांगत बसतो, कुणाचा फोन आजही लागत नाही, आणि नातेवाईकांचं भय तर कुणाचंच पुरतं गेलेलं नाही. पण परवा दुपारी पोलादपूरहून परतताना मोबाइल वाजला. गाडी कडेला घेतली. सर होते.

"पुढची बैठक कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी. का हो, सर?"

"सकाळी उजव्या पायाच्या जागी डाव्या पायावर ऑपरेशनची खूण झाली होती. माझ्याच हातून. सिस्टरनं थांबवलं. पेशंटला सांगितलंय मी. आता मला पहिला नंबर द्या, नाहीतर शनिवारपर्यंत माझी हिंमत जाईल."

मी हो म्हटलं आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.