एकदाच मॅडम

आमच्या मुलांच्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर एक मॅडम बसतात. दारावरच्या पाटीत ‘डेटाबेस’ असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ विचारायला आजवर कुणी जिना चढलेलं नाही. मी खाली नोंदणीच्या खिडकीत बसतो, सव्वीस वर्षं झाली. मला एवढंच कळतं की मी जे टाइप करतो ते वर त्यांच्याकडे जाऊन पडतं, आणि चुकलं की लगेच फोन येतो.

“काका, एक गोष्ट एकदाच लिहायची हो. दोनदा लिहिली की त्यातली एक कधीतरी खोटी पडते.”

हे त्यांचं पालुपद. म्हणून आम्ही खिडकीवाल्यांनी त्यांना नावच ठेवलं, एकदाच मॅडम. घरीही तीच तऱ्हा. एकदा काही कागद द्यायला गेलो, तर दारातच मॅडमच्या सासूबाईंनी मला धरलं. “अहो, घरात दोन कात्र्या होत्या, हिने एक देऊन टाकली! आता एकीसाठी सगळ्या घराने रांग लावायची.”

“पण आई, कात्री कुठे आहे हे हल्ली कुणी विचारतं का?” मॅडम आतून म्हणाल्या. मला तेव्हा हसू आलं होतं.

आता आमच्या खिडकीचं सांगतो. रांग दारापर्यंत, मूल रडतंय, आई घायकुतीला आलेली. अशा वेळी जुनी नोंद शोधत बसण्यापेक्षा नवी केलेली बरी. त्यामुळे एकेका मुलाच्या तीन-तीन नोंदी झाल्या होत्या आणि डॉक्टर आमच्या नावाने बोटं मोडत होते. शेवटी मॅडमनी साफसफाई काढली. नियम साधा होता: जन्मतारीख, नाव, आईचं नाव, पत्ता, फोन सगळं जुळलं तर मूल एकच, नोंदीही एक करायच्या. त्याआधी त्यांनी मला शंभर जोड्यांची यादी पाठवली.

“काका, मी फक्त ओळी पाहते. माणसं तुम्ही पाहिलीत. एकेक तपासा.”

मी वीस तपासल्या. खोटं कशाला सांगू? बाकीच्यांवर नुसती नजर फिरवली आणि ‘बरोबर’ वर टिचकी मारून चहाला गेलो.

तीन आठवड्यांनी एक बाई दोन सीटची बाबागाडी ढकलत आली. लस द्यायची होती. मी त्यांचा फोन नंबर टाकला, तर पडद्यावर एकच मुलगी.

“दुसरी कुठाय?” मी पडद्याकडे बघत विचारलं.

“ही काय, तुमच्याकडे बघून हसतेय की!”

मी घाईघाईने वर मॅडमना फोन लावला. नुकत्याच जन्मलेल्या मुलाला नाव नसतं, तेव्हा आम्ही नावाच्या जागी ‘बाळ’ एवढंच लिहितो. तारीख तीच, आई तीच, पत्ता तोच. नियमाने जुळ्यांचं एक मूल करून टाकलं होतं.

मॅडम लिफ्टची वाट न बघता धावत खाली आल्या. दोन्ही मुलींकडे बघत क्षणभर उभ्या राहिल्या. मग आईला म्हणाल्या, “यांच्यातल्या कुणाला एखादं औषध सोसत नाही का?”

“हिला. मागे अंगभर पुरळ उठलं, श्वास लागला. तुमच्याच डॉक्टरांनी लिहून घेतलंय की.”

ती सूचना पडद्यावर नव्हती. बहिणीच्या नोंदीखाली दबून गेली होती. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला.

दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांनाही बोलावलं. “साफसफाईच्या आधीची जुनी प्रत आहे ना? मग गुपचूप सगळं पूर्ववत करा. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“प्रत आहे, साहेब,” मॅडम म्हणाल्या. “ पण या तीन आठवड्यांत चुकून कुणाला भलतं औषध गेलं असेल, आणि दुसरीकडे कुठे न्यावं लागलं असेल, ते प्रतीत नाही. आयांनाच विचारावं लागेल.”

“ओरडतील.”

“ओरडू देत.”

“आणि चूक कुणाची म्हणून सांगायचं?”

“माझी. नियम मी लिहिला.”

माझ्याबद्दल चकार शब्द नाही. बाहेर आल्यावर मला राहवेना. “मॅडम, मी वीसच तपासल्या होत्या.”

“ठाऊक आहे, काका. शंभर जोड्या अकरा मिनिटांत कुणी तपासत नाही, वेळ नोंदलेली असते. मला तेव्हाच दिसलं होतं. मीही चालवून घेतलं.” त्यांचा आवाज कडक होता. रागावल्या होत्या, आणि बरोबरच होतं ते.

अशी एकतीस जुळी निघाली. नोंदी त्यांनी दुपारपर्यंत वेगळ्या केल्या आणि फोन करायला बसल्या. फोन स्पीकरवर, मी शेजारी यादी घेऊन. काही आया तडकल्या, एका वडिलांनी वापरलेले शब्द मी इथे लिहीत नाही. पण अठराव्या फोनपर्यंत सगळी मुलं सुखरूप होती. एकोणिसाव्या फोनवर मॅडमनी नेहमीसारखंच विचारलं, “तुमच्या दोघी कशा आहेत?”

पलीकडून आवाज आला, “धाकटी गेली. जन्मतःच हृदयाचं दुखणं होतं. दुसऱ्या दवाखान्यात नेली होती. दीड महिना झाला.”

“माफ करा. मला माहीत नव्हतं.”

“नाही, ठेवू नका फोन. आता सगळे एकीचंच विचारतात. तुम्ही दोघींचं विचारलंत.” मग तिने विचारलं, “तिची नोंद पुसणार का हो तुम्ही?”

“नाही. ती वेगळीच राहील.”

“तिथे नाव नसेल. सांगायचं राहूनच गेलं.”

“आता सांगा,” मॅडम म्हणाल्या.

आईने नाव सांगितलं. मॅडमनी ते टाइप केलं, मोठ्याने वाचून दाखवलं, आणि दोघी फोनच्या दोन टोकांना रडत राहिल्या. मी यादी घेऊन खाली खिडकीत आलो. उरलेले बारा फोन मी केले. प्रत्येक आईला आधी हेच सांगितलं, की यादी तपासायचं काम माझं होतं आणि मी ती तपासली नाही.