डावा दिवा उघडेना

खंडेनवमीला मी गाडीची पूजा केली आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा डावा दिवा उघडेनासा झाला. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस मी, पूजाअर्चा माझं काम नव्हे. पण बायको दर वर्षी करायची आणि ती गेल्यानंतरचं हे पहिलंच वर्ष, म्हणून केली. त्याचं हे फळ.

गाडी जुनी, जपानी, दोन दारांची. हौसेनं मुंबईहून आणलेली. तिचे पुढचे दिवे बॉनेटच्या आत झाकलेले असतात, बटण दाबलं की झाकणासकट वर येतात. आमच्या धारुरात अशी दुसरी गाडी नाही, आणि नाही तेच बरं.

एरवी मी एवढं मनावर घेतलं नसतं. पण त्या शनिवारी पुण्याहून पोरगी येणार होती. आईचे दिवस उरकून गेली ती गेलीच, त्यानंतर पहिल्यांदाच. तिची बस घाटाखालच्या वडवणीला पोचेपर्यंत अंधार पडणार, आणि तिला घेऊन घाट चढायचा. ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक उतरत असतात. एकच दिवा दिसला की समोरच्याला मोटारसायकल वाटते आणि तो तेवढीच जागा सोडतो. हे सगळं मी सकाळी पोरीला फोनवर सांगून बसलो. तिला माझी थोडी काळजी वाटावी एवढाच हेतू होता.

मग वडवणीच्या मिस्त्रीला फोन लावला.

"मास्तर, आधी फ्यूज बघा," तो म्हणाला. "फ्यूज बरा आसंल तर रिले. आन् हात घालायच्या आधी फ्यूज काढून ठिवा बरं का. मदीच झाकण मिटलं तर बोट जाईल."

"तू येतोस का?"

"मी कुठं येऊ? लई गाड्या हायत इथं."

फ्यूज ठीक होता. रिले म्हणजे दिव्याच्या मोटारीला वीज सोडणारी डबी; डावा रिले उजव्या जागी लावला, उजवा डावीकडं. उजवा दिवा तरी उघडला, डावा नुसता टक् करून गप्प. म्हणजे रिलेचा दोष नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे मी पोरांना इतकी वर्षं सांगितलं. स्वतःवर वेळ आली तेव्हा बटण दाबायलाही कुणी नव्हतं. दसरा झाला की आमची निम्मी गल्ली ऊसतोडीला जाते. बटण दाबायचं, उतरून पुढं यायचं, बघायचं, पुन्हा आत जाऊन बसायचं. गुडघे बोलायला लागले. घरात तरी दुसरं कोण बोलतंय म्हणा.

शेवटी फ्यूज काढून दिवा उचलणाऱ्या मोटारीवरची रबरी टोपी उपसली आणि खालची, दिवा हातानं वर आणायची मूठ फिरवली. अर्ध्यात आली आणि अडली. म्हणजे वीज सोडा, आत काहीतरी गुंतलं होतं. टॉर्च लावून वाकलो, तर झाकण उचलणाऱ्या दांडीला झेंडूच्या हाराचा दोरा वेटोळे घालून बसलेला. पाकळ्या सुकलेल्या, मधे दोन अक्षता.

बायको पूजेआधी मला हटकून दिवे वर करायला लावायची. "उघडा तिचे डोळे. निजलेल्याला कुंकू लावत नसतेत," म्हणायची. मी अंधश्रद्धा म्हणून तिची टर उडवायचो. आता मी मिटल्या झाकणांवर कुंकू लावलं होतं, वरून हार टाकला होता, आणि संध्याकाळी दिवे लावले तेव्हा दोरा आत ओढला गेला. तिला कारण ठाऊक होतं की नाही, कुणास ठाऊक. विचारायची सोय राहिली नाही. बॉनेटखाली डोकं घालून मी रडलो. बघायला कुणी नव्हतं, हे त्या दिवशी एक बरं झालं.

ब्लेडनं दोरा कापला, दांडीला तेल सोडलं, फ्यूज बसवला. बटण दाबलं आणि दोन्ही दिवे एकदम वर आले. चार वाजले होते. अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, निघायच्या आधी दिवे पुन्हा एकदा लावून बघत होतो, तेवढ्यात पोरीचा फोन आला.

"आण्णा, निघाला तर न्हाई ना? मी काय म्हणते, तुमच्या गाडीचा दिवा असा, घाटाचा रस्ता. मी बसलेच नाही बसमध्ये. दिवाळीलाच येते आता." मग हळूच विचारलं, "का झाला दुरुस्त?"

तिच्या आवाजातली भीती मला कळली. हो म्हणालो असतो, तर बिचारीला दुसरं कारण शोधावं लागलं असतं.

"न्हाई गं," मी म्हणालो. "सकाळपासून झटतोय. उघडतच न्हाई."

"बघा! म्हणजे न आले तेच बरं झालं," ती म्हणाली, आणि किती दिवसांनी हसली. जेवून घ्या म्हणाली. हो म्हणालो.

समोरच्या भिंतीवर दोन्ही दिव्यांचा उजेड पडला होता. बॅटरी उतरेल म्हणून मी ते बंद केले.