रातोमिरकाकांच्या फाटकाची कडी

आमच्या पेक नदीकाठच्या गावात मी ॲल्युमिनियमची कुंपणं विकतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे नंतर कुणी टोमणे मारायला नको. शिकलो मात्र लोहारकाम, तेही रातोमिरकाकांच्या भट्टीवर, नऊ वर्षं. पुढे मी दुकान थाटलं आणि ॲल्युमिनियमच्या कुंपणाचा पहिला नमुना दारात उभा केला. काका आले, त्यावर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, "पातेलं छान आहे रे मिलुतिन. झाकण कुठंय?" सगळी गल्ली हसली. मीही हसलो, पण मनाला लागलं.

गावातली निम्मी माणसं व्हिएन्नात राबतात आणि इथे राजवाडे बांधून ठेवतात. ऑगस्टमध्ये तीन आठवडे यायचं, बाकी वर्षभर घराला कुलूप. त्या बंद राजवाड्यांची फाटकं रातोमिरकाकांच्या हातची. वेल्डिंगचा टाका त्यांना खपत नसे. सगळं तापवून, ठोकून, रिवेट मारून. कुणी खांबावर सिंह मागितले की विचारायचे, "आत राखण्यासारखं आहे काय तुझ्याकडे?" गिऱ्हाईक चिडायचं आणि तरीही काम त्यांनाच द्यायचं. स्वतः ते कधी परदेशी गेले नाहीत. त्यांची एकुलती एक मुलगी स्लाविंका मात्र गेली.

स्वतःच्या घराचं कुंपण त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घडवलं, द्राक्षवेलीचं. फाटकाला कुलूप नव्हतंच. वेलीचं तिसरं पान अंगठ्याने वर उचलायचं, तसंच धरून कडी अर्धी फिरवायची आणि मग फाटक ढकलायचं. घरच्यांना आणि मला सोडून ते कुणालाच जमलं नाही. पोस्टमन बिचारा तीस वर्षं बाहेरूनच ओरडत राहिला. "बाबा, साधं किल्लीचं कुलूप लावा ना," स्लाविंका म्हणायची. "किल्ली हरवते," काका म्हणायचे, "हात कुठं हरवणारेत?"

हरवलं ते डोकं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, घराण्याच्या संताच्या सणाला, पाहुण्यांसमोर मेणबत्ती लावून ते प्रार्थनेला उभे राहिले आणि संताचं नावच आठवेना. सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. वर्षभरात बायकोचं नावही गेलं. पन्नास वर्षं जिला 'तू' म्हटलं, त्या कोसाराकाकूंना ते 'तुम्ही' म्हणायला लागले. "तुम्ही सूप फार छान करता हो," असं म्हणायचे, आणि काकू तोंड फिरवून चुलीकडे बघत राहायच्या.

मग ते बाहेर पडायला लागले. फेब्रुवारीत एकदा पेक नदीत गुडघाभर पाण्यात सापडले. हात धूत उभे होते, काम संपल्यावर भट्टीपाशी धुवायचे तसे. पाय निळे पडले होते.

स्लाविंकाचा फोन आला. "आई, ते जुनं कुंपण काढ आणि ॲल्युमिनियमचं लावून घे. गंजत नाही, दर दोन वर्षांनी रंगवायला नको, रिमोटवर उघडतं. रिमोट तुझ्या खिशात, बाबा आत."

"तुझ्या बापाचा जन्म गेलाय त्यात," काकू म्हणाल्या. "आणि लोखंड करकरतं तरी. फाटक उघडलं की मला ऐकू येतं."

"नदीत सापडले तेव्हा आलं होतं ऐकू?"

काकूंनी फोन ठेवला आणि मला बोलावलं. "तू विकतोस म्हणून नको सांगू. खरं सांग, काय करू?"

आयुष्यात पहिल्यांदाच मी गिऱ्हाइकाला म्हणालो, "लोखंडच राहू दे, काकू." आणि फाटकाला साखळी घालून जाडजूड कुलूप लावून दिलं. फार शहाणपणा केला असं तेव्हा वाटलं.

तिसऱ्या दिवशी काकांनी कुलपाला हातही लावला नाही. पहार घातली, फाटक बिजागरीवरून वर उचललं, रंग खरवडला जाऊ नये म्हणून खाली पोतं अंथरून त्यावर अलगद आडवं केलं आणि निघून गेले. दगडखाणीच्या रस्त्यावर सापडले, ट्रकांच्या मधोमध. मी बिजागऱ्या वेल्डिंग करून टाकल्या. काका शेजारी उभे राहून "टाका वाकडा जातोय, टाका वाकडा जातोय" करत होते. आठवड्याभरात त्यांनी कोपऱ्यातले दोन गज रिवेट काढून मोकळे केले आणि तिथून गेले. हत्यारं आम्ही लपवली होती. त्यांनी चमच्याची छिन्नी केली. त्या कुंपणात त्यांना ठाऊक नसलेला एक खिळाही नव्हता. बायको विसरले, पण लोखंड विसरले नाहीत. मला त्यांचा राग आला, खरंच सांगतो.

त्या संध्याकाळी काकू माझ्या दुकानात आल्या. नमुन्यांकडे बघितलंसुद्धा नाही. "तुझं ते पातेलं आण," म्हणाल्या. "त्यांच्या हातांना ओळखीचं नसेल असं काहीतरी आण." इतकी वर्षं मी या घराच्या ऑर्डरची वाट बघत होतो. मापं लिहून घेताना मला त्यांच्याकडे बघवेना.

जुनं कुंपण काढायच्या दिवशी काका खुशीत होते. खडू घेऊन प्रत्येक तुकड्यावर आकडे घालत होते, दुसरीकडे नेऊन बसवायचं असलं की घालतात तसे. वेलीवरून हात फिरवत मला म्हणाले, "कुणाचं रे हे काम? हात चांगला आहे पोराचा."

"तुमचंच आहे, काका."

"चल, थापा मारू नकोस," ते हसून म्हणाले. "उतरव नीट. वाकलं तर ज्याने केलंय त्याला वाईट वाटेल."

ॲल्युमिनियमने काम चोख केलं. करड्या रंगाच्या सपाट पट्ट्या, कुठे पान नाही, कडी नाही, रिवेट नाही. काका कडेकडेने चालत जायचे, टकटक करायचे, पुन्हा परत यायचे. बाहेर पडणं बंद झालं आणि रोज दुपारी नवंच सुरू झालं.

"ताई, पाहुणचार पुष्कळ झाला. आता मला घरी जाऊ द्या."

"अरे रातोमिर, हेच तुझं घर."

"नाही हो. माझ्या घराला लोखंडी फाटक आहे, द्राक्षवेलीचं. मी असलं लावीन का? बायको वाट बघत असेल माझी."

काकूंनी लग्नाचा फोटो दाखवला, तर म्हणाले, "हो, हीच. ओळखता वाटतं तुम्ही तिला?" त्या दिवशी काकू माझ्यासमोर रडल्या, आणि मी मूर्खासारखा रिमोटची बॅटरी तपासत बसलो.

शेवटी काकूंनीच सुचवलं म्हणून मी माझ्या गोदामात ठेवलेल्या त्या फाटकाची कडी कापून आणली, तिच्यावरच्या पानासकट, आणि फळीवर बसवून काकांच्या मांडीवर दिली. हात लगेच कामाला लागले. पान वर, कडी अर्धी, खट्. पुन्हा बंद. सकाळपासून जेवणापर्यंत हेच चालायचं. घरी जायचं म्हणेनासे झाले. काकू शेजारी ढोबळ्या मिरच्या भाजून सोलत बसायच्या. आम्हा दोघांना वाटलं, सुटलो.

सप्टेंबरमधल्या एका दुपारी मी तिथेच होतो. काकांनी कडी उघडली, आणि या वेळी बंद केली नाही. काकूंकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "जा ताई, उघडलंय. किती दिवस दुसऱ्याच्या घरी राबणार? तुमचीही माणसं असतीलच ना. माझी काळजी नको, माझी कोसारा येईल इतक्यात."

काकूंनी मिरच्यांचे हात ॲप्रनला पुसले. उठल्या. फळीवरच्या उघड्या कडीसमोरून घराच्या मागे गेल्या, पुरा वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूने, केस नीट करत, त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "आले मी, रातोमिर," म्हणाल्या.

काकांनी मान वर केली.

"अजून इथंच, ताई?" ते म्हणाले. "उघडलं नाही का नीट? थांबा हं." आणि पुन्हा कडीवर वाकून ते पान अंगठ्याने वर उचलायला लागले.