गहव्याचा तिसरा कप

"या माणसाला 'नो' कळत नाही का?" त्यानं सगळ्यांसमोर इंग्रजीत विचारलं. सोबतचे सुटाबुटातले लोक हसले. माझ्या एका हातात गहव्याची सुरई, दुसऱ्यात कप. मान खाली.

फुजैराच्या एका हॉटेलात मी पाहुण्यांना गहवा द्यायचो, म्हणजे अरबी कॉफी. तिची रीत पहिल्याच महिन्यात शिकवली होती. पाहुण्यानं रिकामा कप हलवला की पुरे. नुसता पुढे केला तर पुन्हा भरायचा. न भरणं म्हणजे यजमानाचा अपमान.

हा पाहुणा युरोपातल्या एका देशाचा मोठा पुढारी. तेलाच्या करारासाठी आलेला. इथं यजमान शेखच्या गळ्यात गळा. तिकडे भाषणं ठोकायचा, बाहेरच्यांनो, आमच्या चालीरीती शिका, नाहीतर चालते व्हा. आम्हा मुसलमानांवर तर विशेष माया! त्याच्याच नव्या कायद्यानं माझ्या थोरल्या भावाला तिथल्या किचनमधून उचलून रत्नागिरीला धाडलं. अकरा वर्षं भांडी घासली होती भायनं. आला तो एका बॅगेनिशी. तेव्हापासून अंगणात नुसता बसून. त्याचं घर माझ्या पगारावर चालायचं.

पाहुण्यानं कप तीनदा पुढे केला. एकदाही हलवला नाही. मी तीनदा भरला. तिसऱ्यांदा त्यानं हात झटकला आणि गहवा त्याच्याच बाहीवर सांडला. मग तो प्रश्न, मग ते हसू. शेखला रीत ठाऊक होती. वाटलं, एक शब्द तरी बोलेल. तो गालिच्याकडे बघत राहिला. ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं बोलावलं. केरळचा, मनानं वाईट नव्हता. "भाई, साइन कर दे. खलास. नहीं तो वीजा रिन्यू नहीं होगा." समोर छापील माफीनामा. पाहुण्यांची खूण मला समजली नाही, असं त्यात.

पेन उचललं. भायची दोन पोरं डोळ्यांपुढे आली. पण समजली नाही कसली? खूण झालीच नव्हती. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून जाऊन रीत मोडली त्यानं, आणि अडाणी मी? चोराच्या उलट्या बोंबा!

"कप हिलाया ही नहीं था, साब," मी म्हणालो. पेन खाली ठेवलं.

नोकरी गेली. भायला फोन केला, सगळं सांगितलं.

"सही केलीस?"

"नाय."

मग तो म्हणाला, "मी केली होती रे. स्वखुशीनं देश सोडतो, असं लिहिलं होतं त्या कागदावर. स्वखुशीनं!"

आणि माझा थोरला भाऊ फोनवर ओक्साबोक्शी रडला. मीही रडलो. बूथबाहेर माणसं खोळंबली होती, तरी रडलो.

आता दोघंही घरी आहोत, बेकार. पण खोट्या कागदावर आमच्या घरातून गेलेली भायची ती सही शेवटची. उपाशी मरू. दुसरी होणार नाही.