औरंगपुऱ्यातला बैल

औरंगपुऱ्याच्या चौकात उभा करायचा बैल दीपमालानं भंगारातल्या दुचाकींच्या पत्र्यातून घडवला. वेल्डिंग तिनं स्वतःच केलं. पण तिचा खरा जीव गुंतला होता तो गंजावर. महिनाभर मिठाचं पाणी शिंपडून तिनं तो बैलाच्या अंगभर चढवला होता, ओल्या मातीच्या रंगाचा. शहरात उभं राहणारं तिचं हे पहिलंच शिल्प. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचं उद्घाटन होतं.

पोळ्याच्या सकाळी ती चौकात आली, तर शिडीवर तिचे वडील, सांडूआबा. सोयगावहून पहिल्या एसटीनं आलेले. एक शिंग लालभडक ऑइलपेंटनं रंगवून झालं होतं.

“आबा! हे काय करून ठेवलं?”

“आज पोळा हाय. घरात मयत झाल्यागत उघडाबोडका ठेवतीस व्हय त्याला?”

“तो गंज मुद्दाम आणलाय मी! पेंट पुसला तर गंजही जाईल. उद्यापर्यंत पुन्हा कुठून चढवू?”

बैल विकून ट्रॅक्टर घेतल्यापासून आबांनी शिंग रंगवलं नव्हतं. ते हळूच खाली उतरले.

“चुकलं बाई. मालकाला इचारल्याबिगर दुसऱ्याच्या बैलाला हात लावू नाय. मी माझाच समजून बसलो.”

आजवर तिच्या कामाला ‘लोखंडाचा खेळ’ म्हणणाऱ्या आबांनी आज तिला बैलाची मालकीण मानलं होतं. गंजाचं दुःख तेवढ्यानं गेलं नाही. तरी तिनं त्यांच्या हातातला ब्रश घेतला.

“शिडी धरा,” ती म्हणाली आणि दुसऱ्या शिंगापाशी चढली.