ओतिलियाच्या जागी

एदुविना आणि मी शिंपल्यांच्या कारखान्यात एकाच टेबलाशी उभ्या असायचो. अख्ख्या चिलोए बेटावर तिच्याइतका सपासप हात कुणाचा चालत नसे. बेलार्मिनोशी लग्न झालं आणि तिने काम सोडलं. तो विधुर. पहिली बायको ओतिलिया होडी उलटून बुडाली होती, ती सापडलीच नाही. घरी म्हातारी आई, फ्रेसियाबाई. आईला एकटं ठेवता येत नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

म्हातारी पहिल्या दिवसापासून एदुविनाला ओतिलियाच म्हणायची. एदुविना हसून सोडून द्यायची. तिला न्हाऊ घालायची, बटाटे भाजून सोलून द्यायची. पुढे बेलार्मिनोच्याही तोंडात तेच नाव बसलं. एकदा मी गेले, तर तिने न शोधता फळीमागून मिठाचं मडकं काढलं. असं लपवून कोण ठेवतं, मी विचारलं. म्हणाली, मीच, पूर्वीपासून. त्या घरात येऊन तिला जेमतेम काही महिने झाले होते.

मग एका रविवारी चर्चबाहेर मी हाका मारत राहिले, ती वळेचना. शेवटी दंड धरला, तशी ती पांढरीफटक पडली.

"ऐकू येत होतं गं," ती म्हणाली. "पण तू दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतेयस असं वाटलं."

त्याच दुपारी ती माझ्याकडे राहायला आली.

घटस्फोटाचा दावा उभा राहीपर्यंत तीन वर्षं गेली. कारखान्याने तिला परत घेतलं नव्हतं, म्हणून तिने बेलार्मिनोकडून भरपाई मागितली. बेलार्मिनोचा वकील म्हणाला की वर्षभराचाही संसार नाही, एवढ्यात बाईचं असं काय गेलं? घरात तिने इकडची काडी तिकडे केली नाही हे सांगायला त्याने म्हातारीलाच आणलं होतं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, तुमचं सगळं कोण करायचं?

म्हातारीने एदुविनाकडे बोट दाखवलं. वकिलाचा चेहरा उतरला.

"आणि आता?"

"आताही हीच की. संध्याकाळी येते, न्हाऊ घालते. हल्ली हात फार गार असतात तिचे."

वकील म्हणाला, म्हातारीला भ्रम होतो. मग बाईंनी बेलार्मिनोला विचारलं.

"मी कामावरून येतो तेव्हा आई न्हालेली असते," तो म्हणाला. "मी विचारत नाही."

निकाल एदुविनाच्या बाजूने लागला. लग्न थोडक्या दिवसांचं म्हणून रक्कम थोडी. पण घरासाठी आणि म्हातारीसाठी तिने कमाई सोडली, म्हणून तिचा हक्क मान्य झाला. तिला आनंद झालेला दिसला नाही. बाहेर ती म्हातारीपाशी वाकली. "सासूबाई, मी एदुविना."

म्हातारीने तिचा हात थोपटला. "ठाऊक आहे गं बाई. तू गेलीस. ती अजून कुठे गेलीय?"

एदुविना आता बेट सोडून पुएर्तो मोंतला शिवणकाम करते. बेलार्मिनो आईसाठी बाई शोधतोय. चांगला पगार देतो म्हणतो. आमच्या गावातली एकही जायला तयार नाही.